“शिकवण्यापलीकडचे पालक” : शिसे, शाळा आणि फिरवलेला दोष

#थ्रेड #इतिहास

१/ अमेरिकेतील शिसे-उत्पादकांच्या संघटनेत ‘आरोग्य व सुरक्षा’ हे खाते सांभाळणारे मॅनफ्रेड बोडिच १९५० च्या दशकात आपल्या पत्रव्यवहारात एक निदान मांडत होते. भिंतींवरच्या रंगाचे पोपडे पोटात जाऊन लहान मुले दगावतात, वाचली तर अधू होतात, हे त्यांना मान्य होते. त्यावर त्यांच्या मते उपाय दोनच : गलिच्छ वस्त्या हटवाव्यात आणि तेथील पालकांना शिकवावे. मात्र हे पालक जवळजवळ शिकवण्यापलीकडचे आहेत, असेही त्यांनी जोडून ठेवले होते.

२/ जे द्रव्य मुलांची शिकण्याची शक्तीच कुरतडते, ते विकणाऱ्यांनी त्या मुलांच्या आईबापांना ‘शिकवण्यापलीकडचे’ म्हणावे! हा थ्रेड त्या एका शब्दाचा इतिहास आहे. तो शब्द एका माणसाच्या तोंडून निसटलेला नव्हता. सत्तर वर्षे त्यावर एक धंदा चालला.

३/ शिशाच्या विषबाधेबद्दल दोन समजुती अजून सुशिक्षितांतही टिकून आहेत. पहिली : “त्या काळी कोणाला ठाऊकच नव्हते.” दुसरी : “झाले ते वाईट, पण हानी काही गरीब घरांपुरती होती.” पहिली समजूत दप्तरातली कागदपत्रे खोडून काढतात. दुसरीला उत्तर शाळांच्या निकालांत आणि नगरपालिकांच्या जमाखर्चात सापडते.

४/ प्रारंभ ब्रिस्बेनपासून करावा लागतो. ऑस्ट्रेलियातील या शहरातील डॉक्टरांनी १८९२ मध्ये मुलांमधील शिशाच्या विषबाधेचे रुग्ण नोंदवले. विष येते कोठून, हे कळत नव्हते. १९०४ मध्ये नेत्रतज्ज्ञ जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी बोट ठेवले ते घरांच्या व्हरांड्यांवर. उन्हाने रंगाची भुकटी होते, कठड्याला धरून खेळणाऱ्या मुलांच्या हाताला ती लागते आणि हात तोंडात जातो. १९२२ मध्ये क्वीन्सलँडने मुलांचा हात पोहोचेल अशा ठिकाणी शिसेयुक्त रंग लावण्यावर कायद्याने निर्बंध घातला.

५/ फ्रान्सने रंगकामातील सफेद्यावर, म्हणजे पांढऱ्या शिशावर, १९०९ मध्येच बंदीचा कायदा केला होता. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने इमारतींच्या आतील रंगकामात सफेदा वापरू नये असा करार संमत केला. अमेरिकेने त्यावर कधीच शिक्कामोर्तब केले नाही. तेव्हा “ठाऊक नव्हते” या सबबीचे आयुष्य फार तर १९०४ पर्यंतचे धरता येईल.

६/ मग अमेरिकेत काय घडत होते? १९२३ मध्ये नॅशनल लेड कंपनीने मुलांसाठी रंग भरण्याची एक पुस्तिका काढली. तिचा नायक होता कंपनीच्या डब्यावरचा गोंडस डच मुलगा, आणि कथेचा विषय होता शिशाची मेजवानी. सफेदा मुलांच्या खोल्यांसाठी, रुग्णालयांसाठी, शाळांसाठी चांगला, असा प्रचार होत राहिला. गिऱ्हाईक लहानपणीच पकडावे ही विद्या आजच्या जाहिरातदारांनी शोधलेली नाही.

७/ शिसे शरीरात करते तरी काय? शरीर त्याला कॅल्शियम समजते. एवढ्या एका फसवणुकीत पुढचे सारे येते. आतड्यातून ते कॅल्शियमच्या वाटेने शोषले जाते, हाडांत साठते आणि मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप धाडतात त्या ठिकाणी कॅल्शियमच्या जागेवर जाऊन बसते. प्रौढाच्या पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग शोषला जातो, लहान मुलाच्या पोटातील जवळजवळ निम्मा. आणि नेमक्या त्याच वयात मेंदूची जोडणी चालू असते, शिवाय मूल जमिनीवर रांगत असते.

८/ शिशाचे काही क्षार चवीला गोड असतात, हे रोमन काळापासून ठाऊक आहे. मूल जिना, खिडकीची चौकट, पाळण्याचा कठडा चाटते ते खोडीपायी नव्हे. पण खरा शत्रू पोपड्यांपेक्षा धूळ. खिडकी वरखाली सरकताना चौकटीवरचा रंग घासून निघतो आणि तळाशी बारीक भुकटी साचते. ती डोळ्यांना दिसत नाही. कितीही दक्ष आई असली तरी ती धूळ केवळ ‘लक्ष ठेवून’ थांबवता येत नाही.

९/ १९४३ मध्ये बोस्टनच्या रँडॉल्फ बायर्स आणि एलिझाबेथ लॉर्ड यांनी एक साधा प्रश्न विचारला. विषबाधेतून ‘पूर्ण बरी’ म्हणून घरी पाठवलेली मुले पुढे शाळेत कशी निघाली? अशा २० मुलांचा त्यांनी माग काढला. १९ मुलांचा शाळेत निभाव लागलेला नव्हता. कोणाला अक्षरांची आकृती नीट काढता येत नव्हती, कोणाला वर्गात स्थिर बसता येत नव्हते. रुग्णालयाच्या दप्तरी जी मुले बरी झालेली होती, तीच शाळेच्या दप्तरी नापास होती. दोन्ही दप्तरे तोवर कोणी शेजारी ठेवून पाहिली नव्हती, एवढेच.

१०/ उद्योगाची प्रतिक्रिया? बायर्स यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, दहा लाख डॉलरच्या दाव्याची धमकी.

११/ आता पेट्रोलकडे. ९ डिसेंबर १९२१ रोजी जनरल मोटर्सच्या डेटन येथील प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना आढळले की टेट्राएथिल लेड पेट्रोलमध्ये मिसळले की इंजिनाची ठोक थांबते. अल्कोहोलनेही ती थांबते, हे त्यांना माहीत होते. पण अल्कोहोलचे पेटंट कोण देणार? ते कोणताही शेतकरी गाळू शकतो. फेब्रुवारी १९२३ मध्ये नवे पेट्रोल विक्रीस आले. नाव ठेवले ‘एथिल’. ‘लेड’ हा अर्धा भाग नावातून सफाईने गाळला गेला. त्याच सुमारास खुद्द मिजली शिशाच्या बाधेतून सावरण्यासाठी फ्लोरिडात विश्रांती घेत होते.

१२/ ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील स्टँडर्ड ऑइलच्या बेवे कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, कित्येकांना रुग्णालयात हलवावे लागले. ड्यू पाँटच्या डीपवॉटर येथील कारखान्यात कामगार हवेतले नसलेले किडे हाताने हाकलत, म्हणून त्या इमारतीला ‘फुलपाखरांचे घर’ असे नाव पडले होते. ३० ऑक्टोबरला मिजली यांनी वार्ताहरांसमोर ते द्रव्य हातावर ओतून घेतले आणि त्याची वाफ हुंगून दाखवली. वर्तमानपत्रांना छान मजकूर मिळाला.

१३/ मे १९२५ मध्ये सर्जन जनरलने वॉशिंग्टनमध्ये परिषद बोलावली. येल विद्यापीठाचे यांडेल हेंडरसन आणि औद्योगिक आरोग्याच्या अभ्यासक डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी बजावले की धोका कारखान्यापुरता नाही. रस्त्यारस्त्यावर, वर्षानुवर्षे, थोडेथोडे शिसे सर्वांच्या अंगात जाणार आहे. एथिल कंपनीच्या प्रतिनिधीने या द्रव्याला देवाच्या देणगीची उपमा दिली. पुढच्या जानेवारीत समितीने कौल दिला : बंदी घालण्यास पुरेसे कारण नाही, मात्र सरकारी खर्चाने पुढील संशोधन चालू ठेवावे.

१४/ ते सरकारी संशोधन झाले नाही. पुढची चाळीस वर्षे या विषयावरचा अभ्यास मुख्यतः सिनसिनाटीतील केटरिंग प्रयोगशाळेत, उद्योगाच्या पैशावर, रॉबर्ट केहो यांच्या देखरेखीखाली चालला. केहो यांचे तत्त्व ऐकायला अगदी वैज्ञानिक होते : हानी सिद्ध करून दाखवा, मग बोलू. सिद्ध करण्याची साधने कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न त्या तत्त्वात बसत नव्हता.

१५/ केहो यांच्या पुराव्याचा एक नमुना पाहण्याजोगा आहे. मोटारी नसलेल्या ठिकाणीही माणसांच्या अंगात शिसे असते, म्हणजे ते ‘नैसर्गिक’ आहे, हे दाखवण्यासाठी ते मेक्सिकोतील एका खेड्यात गेले. लोकांच्या शरीरात शिसे सापडले. अन्नातही सापडले. झिलई दिलेल्या ज्या मातीच्या भांड्यांत ती माणसे शिजवत आणि जेवत होती, त्या झिलईतच शिसे होते. या ‘नैसर्गिक’ पातळीच्या आधारावर पुढे दोन पिढ्यांचे आरोग्यविषयक निकष उभे राहिले.

१६/ हा डोलारा हलवला तो एका भूरसायनशास्त्रज्ञाने, आणि तोही चुकून. क्लेअर पॅटरसन यांना पृथ्वीचे वय मोजायचे होते. त्यासाठी उल्केतील शिसे मोजताना नमुन्यांत भलतेच जास्तीचे शिसे येई. ते हवेतून, कपड्यांतून, त्वचेवरून येत होते. त्यांनी प्रयोगशाळा घासून घासून स्वच्छ केली, १९५६ मध्ये पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले आणि मग त्या ‘घाणी’कडे वळले.

१७/ १९६५ मध्ये त्यांनी लिहिले की अमेरिकी माणसाच्या अंगातील शिसे नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभरपट असावे. ‘सर्वसाधारण’ आणि ‘नैसर्गिक’ हे शब्द एकच नव्हेत : सगळे गावच तापाने फणफणलेले असेल तर ताप हे निरोगीपणाचे लक्षण ठरत नाही. पॅटरसन यांचा पेट्रोलियम संस्थेकडून येणारा निधी बंद झाला. १९७१ मध्ये हवेतील शिशावर राष्ट्रीय संशोधन परिषदेने समिती नेमली, तीत त्यांना स्थान नव्हते.

१८/ तरीही शाळेचा प्रश्न शिल्लक होता. अंगात शिसे आहे, पण मूल आजारी दिसत नाही, मग बिघडले काय? याचे उत्तर बालरोग व मनोविकारतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी शोधले. तरुणपणी फिलाडेल्फियात त्यांनी शिशाने बेशुद्ध झालेल्या एका मुलीवर उपचार केले होते. त्या घरात परत जाऊ नका, असे त्यांनी आईला सांगितले. तिने विचारले, मग कोठे जाऊ? तिला परवडणारे प्रत्येक घर तसेच होते. ‘शिकवण्यापलीकडच्या’ त्या पालकाने डॉक्टरला जे शिकवले, ते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ ठरले.

१९/ रक्तातील शिसे काही आठवड्यांत उतरते, त्यामुळे रक्त जुनी गोष्ट सांगत नाही. दात सांगतात. नीडलमन यांनी मॅसॅच्युसेट्समधील चेल्सी आणि सॉमरव्हिल या दोन गावांतील पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात मागितले. दोन हजारांहून अधिक मुलांनी दात आणून दिले. कोणाच्या दातात किती शिसे आहे, हे ठाऊक नसलेल्या शिक्षकांनी मुलांविषयी प्रश्नावली भरली : लक्ष विचलित होते का, दोन-तीन सूचना लागोपाठ पाळता येतात का, हाती घेतलेले काम पुरे होते का?

२०/ १९७९ मध्ये निष्कर्ष छापून आले. दातात शिसे जितके अधिक, तितके शिक्षकांचे शेरे वाईट, पायरीपायरीने. बुद्ध्यंकात सरासरी सुमारे साडेचार गुणांचा फरक. ही मुले आजारी नव्हती. कोणी त्यांना डॉक्टरकडे नेले नव्हते. ती फक्त ‘ढ’ होती. ‘धांदरट’ होती. प्रगतिपुस्तकात असे शेरे पिढ्यानपिढ्या लिहिले जात होते.

२१/ “चारपाच गुणांनी काय बिघडते?” हा युक्तिवाद तेव्हा झाला आणि आजही होतो. एका मुलाच्या बाबतीत कदाचित काही नाही. पण गणित करून पाहावे. सरासरी १०० असलेल्या समाजात ७० च्या खाली साधारण शेकडा २.३ मुले असतात, १३० च्या वरही तितकीच. संपूर्ण समाजाची सरासरी पाच गुणांनी घसरली तर तळातली मुले शेकडा ४.८ होतात, वरची एकावर येतात. म्हणजे विशेष शिक्षणाची गरज असलेली मुले दुप्पट आणि गावाला पुढे नेतील अशी निम्म्याहून कमी. हा हिशेब कोण्या एका घरातला राहत नाही, साऱ्या गावाचा होतो.

२२/ १९९० मध्ये नीडलमन यांनी त्याच मुलांना तरुणपणी पुन्हा गाठले. ज्यांच्या दातात अधिक शिसे होते, त्यांची शाळा अर्धवट सुटण्याची शक्यता सुमारे सातपट, वाचनाच्या अडचणीची सुमारे सहापट. लगेच पुढच्या काळात त्यांच्यावर वैज्ञानिक गैरवर्तनाचा आरोप झाला. आरोप करणाऱ्या तज्ज्ञांनी शिसे-उद्योगाच्या बाजूने साक्षी दिल्या होत्या. नीडलमन यांनी चौकशी उघड व्हावी असा आग्रह धरला. आरोप टिकला नाही, पण त्यात काही वर्षे गेली. उद्योगाला तेवढीच हवी होती.

२३/ टीकाकारांचा एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. शिसे आणि गरिबी एकाच घरात राहतात. मूल मागे पडले ते शिशाने की दारिद्र्याने? याचे चांगले उत्तर अलीकडे ऱ्होड आयलंडने दिले. तेथे १९९७ पासून भाड्याच्या घरांना शिसेमुक्तीचा दाखला घेण्याची व्यवस्था आली. गरिबी तशीच राहिली, घरांतले शिसे घटले. ॲना आयझर, जॅनेट करी आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या रक्ताच्या नोंदी शाळेच्या गुणांशी जोडल्या.

२४/ निष्कर्ष असा : प्रति डेसिलिटर रक्तात शिसे एका मायक्रोग्रॅमने कमी झाले, तर वाचनात फारच मागे राहण्याची शक्यता जवळजवळ एक टक्क्याने घटते. मुळात अशी मुले शेकडा १२ होती, तेव्हा ही घट लहान नाही. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या गुणांतील अंतरही काहीसे मिटले. जे अंतर वंशाचे, संस्काराचे, ‘घरच्या वातावरणाचे’ म्हणून सांगितले जाई, त्याचा एक भाग खरडून काढण्याजोगा रंग होता.

२५/ सुरक्षित मर्यादेचा इतिहासही बोलका आहे. १९६० च्या दशकात ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल म्हणत. १९७१ मध्ये ४०, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५, २०२१ मध्ये ३.५. रॉचेस्टरच्या मुलांवरील २००३ च्या अभ्यासात १ वरून १० पर्यंत जाताना बुद्ध्यंक सुमारे ७.४ गुणांनी घसरल्याचे आढळले. सर्वांत तीव्र उतार ‘सुरक्षित’ मानलेल्या टप्प्यातच होता. ५० मायक्रोग्रॅम अंगात घेऊन जी मुले १९६५ मध्ये ‘ठीक’ ठरली, ती आज सत्तरीकडे झुकली आहेत.

२६/ रॉचेस्टर हे न्यूयॉर्क राज्यातील कोडॅकचे शहर. घरे जुनी, पुष्कळशी भाड्याची. २००० च्या सुमारास तेथील एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या रक्ततपासणीच्या नोंदी मागवल्या. दर पाचांतील दोन मुलांच्या अंगात शिसे अधिक सापडले. अमेरिकेत शाळेचा खर्च मोठ्या अंशी गावच्या घरपट्टीतून निघतो. विशेष शिक्षण देणे १९७५ पासून कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे रंग विकणाऱ्याने नफा एकदाच घेतला, घरमालकाने डागडुजी टाळून भाडे घेतले, आणि त्यातून निघालेले बिल दरवर्षी शाळेने भरले. ज्या गावाची घरे पडकी, त्याची घरपट्टी कमी, आणि तेथेच विशेष शिक्षकांची गरज अधिक.

२७/ २००५ च्या डिसेंबरात रॉचेस्टरने नियम केला : भाड्याच्या घरांच्या नेहमीच्या तपासणीत शिशाची तपासणीही व्हावी, खिडक्यांतली धूळ पुसून प्रयोगशाळेत पाठवावी. घरमालकांनी भाकीत केले की भाडी भडकतील, घरे ओस पडतील. पुढील अभ्यासात घरबाजाराची तशी पडझड आढळली नाही. मुलांच्या रक्तातील शिसे मात्र वेगाने उतरले. तोवर मुलाचे रक्तच घरातील विष ओळखण्याचे उपकरण म्हणून वापरले जात होते. आधी मूल बाधित व्हायचे, मग घर तपासायचे. या उफराट्या रीतीला सार्वजनिक आरोग्य म्हणत.

२८/ मग फ्लिंट. १९०८ मध्ये जनरल मोटर्सचा जन्म याच गावात झाला. शंभर वर्षांनी कारखाने गेले, लोकवस्ती निम्म्याखाली आली आणि राज्याने नेमलेले व्यवस्थापक गावचा खर्च कापू लागले. २५ एप्रिल २०१४ रोजी बचतीसाठी डेट्रॉइटचे पाणी थांबवून फ्लिंट नदीचे पाणी सोडण्यात आले. नळातून शिसे सुटू नये म्हणून पाण्यात जे फॉस्फेट घालतात, ते घातले गेले नाही. तो खर्च किरकोळ होता.

२९/ त्याच वर्षी ऑक्टोबरात जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने तक्रार केली की या पाण्याने सुटे भाग गंजतात. कारखान्याला दुसरे पाणी मिळाले. गावाला ते पाणी आणखी वर्षभर पाजले गेले. लोखंड गंजते ही तक्रार दप्तरी लागली. बायका गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना येत होत्या, त्यांची लागली नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतीशा यांनी आकडे मांडले : ५ मायक्रोग्रॅमच्या वर शिसे असलेल्या लहान मुलांचे प्रमाण २.४ वरून ४.९ टक्के झाले होते. राज्याच्या अधिकाऱ्यांनी आधी त्यांना खोटे पाडण्याचा प्रयत्न केला, मग ते आकडे मान्य केले.

३०/ त्या बचतीची किंमत? एका अर्थशास्त्रीय अभ्यासानुसार फ्लिंटमधील घरांचे मूल्य ५२ ते ५६ कोटी डॉलरने घसरले आणि पाणी सुधारल्यावरही सावरले नाही. तडजोडीची भरपाई ६२ कोटी ६० लाख डॉलर ठरली. २०२४ मधील अभ्यासात गावातील मुलांचे गणिताचे गुण उतरल्याचे आणि विशेष गरजा असलेली मुले ८ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. पण त्याच अभ्यासात एक अडचणीची गोष्टही आहे : शिशाच्या नळांची घरे आणि तांब्याच्या नळांची घरे यांत फारसा फरक सापडला नाही.

३१/ शिशाविरुद्ध लिहिणारे ही शेवटची ओळ बहुधा गाळतात. ती गाळू नये. तिचा अर्थ असा की सारी घसरण केवळ रक्तातील शिशाने झाली असे म्हणता येत नाही. ज्या गावाला सांगितले गेले की तुमची मुले कायमची बिघडली, त्या गावावर त्या शब्दांचाही परिणाम होतो. विष देणे हा एक अपराध, आणि विषबाधित मुलांना ‘वाया गेलेली’ म्हणणे हा दुसरा. चांगली शाळा, दूध, लोह, वाचून दाखवणारी माणसे यांनी अशा मुलांनाही लाभ होतो. ‘शिकवण्यापलीकडचे’ हा शिक्का आईबापांवरून काढून लेकरांवर मारणे हा काही उपाय नव्हे.

३२/ उरतो तो नेहमीचा युक्तिवाद : नियम आले तर उद्योग बुडतील. १९८२ मध्ये रेगन प्रशासन पेट्रोलमधील शिशाचे नियम सैल करायला निघाले होते. हिशेब मांडला गेला तेव्हा उलटेच दिसले, आणि १९८५ मध्ये आदेश निघाला की वर्षअखेर प्रतिगॅलन १.१० ग्रॅमवरून ०.१० ग्रॅमवर यावे. १९७६ ते १९८० या चार वर्षांतच पेट्रोलमधील शिसे घटले तसे अमेरिकनांच्या रक्तातील शिसे सुमारे ३७ टक्क्यांनी घटले होते. २००२ मधील एका अंदाजानुसार, शिसे घटल्यामुळे वाढलेल्या कमाईचा लाभ एका वर्षात जन्मलेल्या मुलांच्या आयुष्यभरात ११० ते ३१९ अब्ज डॉलर. घरांतील शिसे काढण्यावर खर्चलेला एक डॉलर १७ ते २२१ डॉलर परत देतो, असा २००९ चा हिशेब आहे. बुडालेला एकच धंदा, तो शिसे विकण्याचा.

३३/ भारतात हा इतिहास परका नाही. मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल एप्रिल १९९५ मध्ये आले, शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले ते फेब्रुवारी २००० मध्ये. अमेरिकी परिषदेतील इशाऱ्यानंतर पाऊणशे वर्षांनी. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तोही घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता. आधी लागलेला रंग जुन्या शाळांच्या खिडक्यांवर आहे तेथेच आहे. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवण्याचा धंदा वस्त्यांलगत चालतो आणि त्याची राख अंगणात पडते.

३४/ युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असलेल्या भारतीय मुलांचा अंदाज सुमारे २७ कोटी ५० लाख आहे. जगात अशी मुले ८० कोटींच्या आसपास. दर वेळी ‘असर’चा अहवाल येतो, पाचवीच्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही म्हणून शिक्षकांना, माध्यमाला, मोबाइलला आणि अर्थातच ‘घरी लक्ष न देणाऱ्या’ पालकांना धारेवर धरले जाते. त्यांतले काही आरोप खरेही असतील. पण शालेय आरोग्य तपासणीत दात, डोळे, वजन, हिमोग्लोबिन पाहिले जाते. शिसे पाहण्याची राष्ट्रीय व्यवस्था नाही. बोडिच यांचे पत्र मराठीत कोणी अनुवादित केले नाही, तरी ते येथे पोहोचलेले दिसते.

३५/ दोष योग्य पत्त्यावर पोहोचवला की काय होते, याचे उदाहरण शेजारी बांगलादेशात आहे. तेथील ग्रामीण गर्भवतींच्या रक्तात शिसे सापडत होते. मोटारी नाहीत, कारखाने नाहीत, मग आले कोठून? संशोधकांनी शिशाचे समस्थानिक तपासून माग काढला, तो हळदीपर्यंत गेला. हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून गिरणीत त्यांना लेड क्रोमेट चोळले जाई. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत ते सापडले.

३६/ तेथील अन्नसुरक्षा यंत्रणेने वृत्तपत्रांतून इशारे दिले, बाजारात भित्तिपत्रके लावली आणि ढाक्याच्या घाऊक बाजारात फिरत्या न्यायालयाने छापा घालून हळद विकणाऱ्यांना दंड केला. २०२१ मध्ये पुन्हा नमुने घेतले तेव्हा भेसळीची हळद शून्य टक्के निघाली. गिरणीतील कामगारांच्या रक्तातील शिसे सुमारे ३० टक्क्यांनी उतरले होते.